विहिरीवरचा कॅमेरा आणि काचेची तार



इथं मी एरवी द्राक्षाची छाटणी, डावणी, कांद्याचं रोप असलंच लिहितो. आज दोन डब्यांबद्दल लिहितोय. काडेपेटीच्या दोन-तीन पेट्या शेजारी ठेवल्या तर जेवढं होईल तेवढी एक डबी. तिला मीडिया कन्व्हर्टर म्हणतात. एका बाजूला तांब्याची नेटची तार लागते, दुसऱ्या बाजूला काचेची, म्हणजे फायबर. तांब्यातून आलेला विजेचा इशारा ती उजेडात बदलते आणि पलीकडची डबी त्या उजेडाचा परत विजेचा इशारा करते. काम एवढंच. पण ते समजायला मला दीड वर्ष लागलं, बरेच पैसे गेले, आणि एका पोराला नाही ते बोललो. म्हणून लिहितोय.

आमचं घर जुन्नर तालुक्यात, रस्त्याच्या कडेला. विहीर खाली ओढ्याला. मधे द्राक्षाची बाग, त्याखाली दीड एकर ऊस, मग विहीर. पावलांनी नाही, टेपनं मोजलंय, ३८० मीटर. शेतीची थ्री फेज लाईट आठवडा दिवसाची, आठवडा रात्रीची. रात्रपाळीला दादा मोटर चालू करायला जातो. दादा म्हणजे थोरला भाऊ, बासष्ट वर्षांचा. बारी बदलून घे म्हटलं तर ऐकत नाही.

परवाच्या मार्गशीर्षात रात्री एकच्या सुमाराला दादा खाली गेला. मोटरघराच्या ओट्यावर बिबट्या बसलेला. अंतर म्हणाल तर दोन वाफ्यांचं. दादानं बॅटरी खाली पडू दिली नाही, पाठ दाखवली नाही, बोलत बोलत मागं सरकला. बिबट्या उसात शिरला. काही झालं नाही. पण घरी आल्यावर दादाला तांब्या धरता येईना, एवढे हात कापत होते. वहिनी त्या दिवसापासून रात्रपाळीच्या आठवड्यात झोपत नाही. आपल्या भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा ठरवलं, विहिरीवर कॅमेरा लावायचा. घरातून बघायचं, ओटा मोकळा आहे का, मगच उठायचं.

सिमकार्डाचा कॅमेरा लावून बघितला. ओढ्यात रेंज नाही. हवेतून नेट पाठवायच्या दोन अँटेना असतात, त्याही विचारल्या. त्यांना एकमेकी समोरासमोर दिसाव्या लागतात. मधे आंब्याची चार जुनी झाडं आणि उतार. तुमचं वावर सपाट असेल, मधे झाडं नसतील, तर आधी तेच बघा. चर खोदावी लागत नाही, स्वस्त पडतं.

कॅमेरे बसवणारा एक पोरगा आहे, बाजारपेठेत छोटं दुकान. तो म्हणाला, "काका, फायबर टाकू. एकदाच खर्च." मला वाटलं, हे मोठ्या कंपन्यांचं काम, रस्ते खोदून टाकतात ते. हा मला चढवतोय. म्हटलं, "तांब्याची तार टाक. काही झालं तर जोडता तरी येती." तो म्हणाला, तांब्याची नेटची तार १०० मीटरच्या पुढं चालत नाही, ९० मीटर पक्की तार आणि दोन्ही टोकांना मिळून १० मीटर छोट्या तारा, असा हिशोब असतो. मी म्हटलं, मग मधे काहीतरी लाव. त्यानं मधे तीन ठिकाणी एक्स्टेंडर लावले. त्याच तारेतून घरातली वीजही पुढं जात होती आणि कॅमेरा चालत होता. विहिरीवर वेगळ्या लाईटीची गरज नव्हती. मी खूश. जानेवारी ते मे चित्र झकास दिसलं. तीन वेळा बिबट्या दिसला, तीन वेळा दादा घरात थांबला.

मेच्या शेवटी वळीव आला. एक वीज ओढ्यापलीकडं कुठंतरी पडली. आमच्या वावरात नाही. सकाळी बघतो तर तिन्ही एक्स्टेंडर गेले, कॅमेरा गेला, घरातल्या रेकॉर्डरचं तार लागतं ते तोंडही गेलं. पोरानं येऊन सगळं बदललं, निम्मे पैसे नंतर द्या म्हणाला. बारा दिवसांनी परत पाऊस, परत तेच.

मी त्याच्या दुकानात गेलो. चार गिऱ्हाईकं बसलेली. सगळ्यांसमोर म्हणालो, "डुप्लिकेट माल लावतोस आणि शेतकऱ्याला लुटतोस. उरलेले साडेचार हजार मिळणार नाहीत." तो एवढंच म्हणाला, "काका, मालाचा दोष नाही. तार तांब्याची आहे." मी ऐकून घेतलं नाही. उठून आलो.

पुढचे दोन महिने दादा परत बॅटरी आणि काठी घेऊन जात होता.

खरं कारण सांगितलं आमच्या मोटर वायंडिंगच्या मिस्त्रीनं. तो जास्त शिकलेला नाही, पण चाळीस वर्षं जळक्या मोटरी उघडतोय. म्हणाला, "वीज अंगावर पडायला लागत नाही. जवळपास पडली तरी लांब तारेत दाब उठतो. तुझी तार ३८० मीटर. तेवढी लांब तार म्हणजे वीज धरायची दोरीच टाकलीस." दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती मला जास्त पटली. वीज जमिनीत उतरते तेव्हा सगळीकडच्या जमिनीचा दाब सारखा नसतो. विहिरीकडची जमीन आणि घराकडची जमीन यांच्यात क्षणभर मोठा फरक पडतो. मधे तांबं असेल तर तो फरक तांब्यातून धावतो, आणि त्या तारेला जे जे लावलंय ते जाळतो. चांगला माल असो नाहीतर हलका.

म्हणजे पोरगा खरं बोलत होता. पण हे कळूनही मी त्याच्याकडं गेलो नाही. लाज वाटली, हे सरळच सांगतो. म्हटलं, आता फायबरचं आपणच करू.

श्रावणात उघडीप मिळाली तशी अडीच फूट चर खणली. सब-सॉयलर दीड-दोन फुटांपर्यंत जातो, त्याच्या खाली तार पाहिजे. उंदीर कुरतडतात म्हणून जुना एचडीपीई पाईप टाकून त्यातून तार ओढली. चार कोरची घेतली. एक कोर पुरते, पण तीन शिल्लक असलेल्या बऱ्या. दोन्ही टोकांना दहा-दहा मीटर तार गुंडाळून ठेवली, उद्या टोक तुटलं तर उपयोगी पडते. जोड मारणारा माणूस तालुक्याहून आणला. त्यानं दोन कोर जोडून दिल्या, म्हणजे चार जोड, आणि गेला. डब्या मी स्वतः आणल्या. दुकानदाराला म्हटलं, दोन द्या. त्यानं दोन दिल्या.

लावल्या. पॉवरचा दिवा लागला. फायबरचा दिवा लागेना. तारा काढल्या, पुसल्या, परत घातल्या. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी साडेचार हजार खिशात घातले आणि पोराच्या दुकानात गेलो. परत चार गिऱ्हाईकं होती, बरं झालं. त्यांच्यासमोरच पैसे ठेवले आणि म्हणालो, "चूक माझी होती. तुझा माल चांगला होता." तो काही बोलला नाही. पैसे मोजले नाहीत, गल्ल्यात टाकले. मग म्हणाला, "डब्या आणल्यात का?" पिशवीत होत्या. त्यानं पाठीमागचं लेबल बघितलं आणि पहिल्यांदा हसला. "काका, दोन्ही ए आहेत. दोघांचं बोलणं एकाच रंगात आणि ऐकणं दुसऱ्या रंगात. मग एकमेकांचं ऐकणार कोण?"

त्या दिवशी त्यानं मला अर्धा तास शिकवलं. ते इथं उतरवतो. डबी घेताना काय बघायचं:

१) एक कोर की दोन कोर. दोन कोरच्या डबीत एका काचेतून उजेड जातो, दुसरीतून येतो. इकडचं पाठवायचं तोंड तिकडच्या ऐकायच्या तोंडाला लावायचं, म्हणजे तारा फुलीसारख्या उलटसुलट. एक कोरच्या डबीत एकाच काचेतून दोन्हीकडचा उजेड चालतो, पण वेगवेगळ्या लहरींचा. एक डबी १३१० नॅनोमीटरवर बोलते आणि १५५० वर ऐकते, दुसरी बरोबर उलटी. म्हणून एक ए आणि एक बी अशी जोडीच घ्यायची. बैलजोडीसारखं आहे, दोन्ही उजवे चालत नाहीत.

२) सिंगल मोड की मल्टी मोड. सिंगल मोडची मधली काच सुमारे ९ मायक्रॉन, आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. मल्टी मोडची ५० किंवा ६२.५. तार आणि डब्या एकाच जातीच्या पाहिजेत. मी सिंगल मोड घेतलं, वीस किलोमीटरवाली डबी. ३८० मीटरला वीस किलोमीटरची कशाला, असं मीही विचारलं. तीच सगळीकडं मिळते आणि कमी अंतराला चालते. मात्र ऐंशी किलोमीटरची डबी जवळच्या कामाला लावू नका. तिचा उजेड एवढा जोरात असतो की ऐकणारा भाग दिपतो, खराबही होऊ शकतो.

३) वेग. १०० ची डबी आणि १००० ची डबी फायबरवर एकमेकींशी बोलत नाहीत. दोन्ही टोकांना एकच वेग पाहिजे. तांब्याच्या बाजूला डबी जमवून घेते, काचेच्या बाजूला नाही. माझ्या एका कॅमेऱ्याला चार-पाच एमबीपीएस लागतात, तेव्हा १०० ची पुरेशी होती. दहा-पंधरा कॅमेरे, पॉलिहाऊस, ऑफिस असं असेल तर १००० ची घ्या.

४) टोकाचा रंग. निळं आणि हिरवं अशी दोन टोकं येतात. हिरव्याची काच तिरकी घासलेली असते. घरगुती फायबर नेटला बऱ्याचदा हिरवं असतं, या डब्यांना साधारण निळं लागतं. निळ्यात हिरवं बसतं, पण काचेला काच नीट टेकत नाही आणि उजेड गळतो.

५) वीज. काचेतून वीज जात नाही. हाच तिचा गुण आणि हीच अडचण. तांब्यातून कॅमेऱ्याला घरून वीज जात होती, ती आता बंद. थ्री फेजवर अवलंबून राहता येत नाही, म्हणून ७५ वॉटचं सोलर पॅनल आणि १२ व्होल्टची बॅटरी लावली. कॅमेरा १२ वर चालतो, माझी डबी ५ वर. दोन्हीची पिन सारखीच! १२ ची पिन ५ च्या डबीत आरामात बसते आणि डबी जळते. म्हणून मधे १२ चे ५ करणारा छोटा कन्व्हर्टर लावला आणि पिनेला लाल चिकटपट्टी गुंडाळली. आधी व्होल्ट वाचा, मग पिन घाला.

६) ऊन आणि धूळ. साध्या डब्या घरातल्यासाठी असतात, बऱ्याच जणींवर ५० अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत त्याच्या वर जातं. कारखान्यासाठीच्या डब्या ७०-७५ अंश सोसतात, पण महाग. मी साधीच घेतली आणि मोटरघराच्या उत्तरेच्या भिंतीला, सावलीत, प्लॅस्टिकच्या पेटीत ठेवली. भोकं बुजवली, नाहीतर पाली आणि मुंग्या घर करतात. बागेत गंधकाची धुरळणी असते तेव्हा पेटी उघडायची नाही. काचेच्या टोकावर कण बसला की उजेड अडतो. टोक काढलं की टोपी घाला, लावताना स्पिरिटच्या कापडानं पुसा.

७) तारेतलं लोखंड. काही तारांवर उंदरासाठी पोलादी पत्रा असतो. मग काच घेऊनही धातू घरापर्यंत आलाच की. विजेच्या भागात बिनधातूची, आत फायबरच्या काड्या असलेली घ्या. पत्र्याची घेतलीच असेल, तर तो पत्रा पेटीच्या बाहेरच कापून अर्थिंग करून घ्या.

आणि एक. टोकाला डोळा लावून उजेड येतोय का बघू नका. तो उजेड डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. जोड मारताना पडलेले काचेचे तुकडे गोळा करून बाटलीत भरा, अनवाणी पायात घुसले तर सापडत नाहीत.

आठवी गोष्ट वेगळी लिहितो, कारण ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

दिवाळीनंतर एका रात्री मी लग्नाला बाहेरगावी होतो. दादानं पुतण्याच्या मोबाईलवर बघितलं, ओटा मोकळा दिसला, दादा निघाला. निम्म्या वाटेवर पुतण्यानं हाका मारल्या. ते चित्र आताचं नव्हतं. ॲपमध्ये कॅमेरा उघडायच्या आधी शेवटचं जुनं चित्र दिसतं, ते दोघांनी खरं धरलं होतं. उघडायला गेल्यावर ते उघडेना. दादा परत फिरला. सकाळी कळलं, विहिरीवर डबी ते कॅमेरा ही दीड मीटरची तांब्याची तार उंदरानं खाल्ली होती. आणि घरातल्या डबीवर? सगळे दिवे हिरवेगार. फायबर चालू, घरची तार चालू. डबी खोटं बोलत नव्हती. तिला तिच्यापुरतं जेवढं दिसत होतं तेवढं ती सांगत होती.

पोराला फोन केला. तो म्हणाला, "काका, डबीच्या कडेला बारीक खटके आहेत का बघा. एलएफपी लिहिलंय तो चालू करा, दोन्हीकडचा." याला लिंक फॉल्ट पास-थ्रू म्हणतात. हा खटका चालू असला की पलीकडची कॅमेऱ्याची तार तुटल्यावर तिकडची डबी इकडं तसं कळवते, आणि इकडची डबी आपल्या तांब्याच्या बाजूचा दिवाही विझवते. तिकडचं दुखणं इकडं दिसतं. सगळ्याच डब्यांना हा गुण नसतो, असला तरी खटका बंद असू शकतो. घेताना विचारा. दुरुस्ती करताना मात्र खटका बंद करा, नाहीतर सगळेच दिवे विझतात आणि दोष कुठल्या तुकड्यात आहे ते कळत नाही.

आता घरातली डबी देवळीशेजारी भिंतीवर लावलीय. दादाला मोबाईल जमत नाही. त्याला एकच सांगितलंय, टीपी लिहिलेला हिरवा दिवा विझलेला असेल तर चित्रावर विश्वास ठेवायचा नाही, एकट्यानं जायचं नाही. दिवा असला तर पुतण्याला उठवून चालू चित्र बघायचं. दिवा म्हणजे बिबट्या नाही असं नव्हे. तार धड आहे, एवढंच तो सांगतो. पावसाळ्यात तीन दिवस सलग ढग असले की बॅटरी बसते, तेव्हाही दिवा जातो.

यंदाच्या वळवात काय झालं तेही सांगतो, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. वीज पडली, जवळच. विहिरीकडचा १२ चे ५ करणारा कन्व्हर्टर गेला. शंभर-सव्वाशे रुपयांचं नुकसान. घराकडचं काहीच गेलं नाही. काचेनं तिकडचं तिकडंच ठेवलं. पण लक्षात घ्या, काच फक्त नेटच्या वाटेनं येणारी वीज अडवते. लाईटीच्या वायरीतून येणारी तिला अडवता येत नाही. त्यासाठी घरात सर्ज प्रोटेक्टर आणि चांगली अर्थिंग लागतेच.

खर्च विचाराल तर तार साधारण सव्वासहा हजार, डब्यांची जोडी सतराशे, चार जोडांचे हजार, पॅनल-बॅटरी वेगळी. आधी तांब्यात आणि दोनदा जळलेल्या सामानात गेले ते याच्यापेक्षा जास्त होते. हे माझ्या बिलांवरून सांगतोय, तुमच्याकडं भाव वेगळे असतील. ए-एची चुकलेली एक डबी पोरानं बदलून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत. मी द्राक्षाची एक पेटी नेऊन दिली तर म्हणाला, "काका, याचं बिल लावू का?"

या आठवड्यात रात्रपाळी आहे. काल साडेबाराला जाग आली तर दादा अंधारात भिंतीसमोर उभा होता, पायात चपला, हातात बॅटरी. दिवा विझलेला होता, दोन दिवस झड लागलीय. त्यानं बॅटरी खुंटीला अडकवली, म्हणाला, "उद्या भरू पाणी," आणि जाऊन झोपला. वहिनीही झोपली.